शेवटी उघडलेलं आधी बंद

निनाद गुंजाळ आणि ऋजुता यांचा घटस्फोट झाला. दोघांच्या संमतीने झाला, कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं नाही, मुलगी आईकडे राहिली.

आता हे कृपया विसरावं. असं काही घडलेलं नाही. घटस्फोट व्हायला आधी लग्न व्हावं लागतं, आणि या दोघांचं लग्न कधी झालंच नव्हतं. नागरी पान मंडळाच्या कुठल्याही खिडकीवर जाऊन विचारा. त्या लग्नात मठ्ठा कमी पडला होता हे आठवणारी माणसं जळगावात अजून आहेत म्हणा. पण माणसांचं काय, त्यांना काहीही आठवतं.

तर, काय झालं नाही ते पहिल्यापासून सांगतो.

वेबवरचं पान म्हणजे मजकूर, आणि त्या मजकुरात जागोजागी रोवलेल्या खुणा. या खुणांना टॅग म्हणतात. एक टॅग सांगतो, इथून मथळा सुरू. त्याचा जोडीदार सांगतो, इथे मथळा संपला. मधलं जे काही, ते मथळ्याच्या पोटात. माणसं टॅग उघडतात आणि बंद करायला विसरतात, फ्रिजचं दार विसरतात तशी. जुने ब्राउझर हे सगळं चालवून घ्यायचे. स्वभावाने ते मामा होते. टॅग बंद केला नाहीस? असू दे. उलटासुलटा बंद केलास? असू दे, मला कळलं तुला काय म्हणायचंय. मग मामा अंदाज बांधायचे आणि पान दिसायचं. जगातली बहुतेक पानं चुकलेली होती आणि सगळी व्यवस्थित दिसत होती.

मामांचा अंदाज बहुधा बरोबर यायचा. निनादच्या आईच्या वेळी आला नाही.

विजयाबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी एका दवाखान्यात दाखल झाल्या होत्या. त्यांना सोसत नसलेलं एक औषध डॉक्टरांनी त्यांच्या पानावरून रद्द केलं. रद्द केल्याची खूण घाईत अर्धवट पडली. ब्राउझरला तिचा अर्थ लागेना, तेव्हा त्याने नेहमीसारखं असू दे म्हटलं आणि खूण सोडून दिली. नर्सच्या पडद्यावर औषध ठणठणीत दिसत होतं. पुढे चौकशी झाली. डॉक्टरांनी रद्द केलं होतं, ते निर्दोष. नर्सने जे दिसलं ते दिलं, ती निर्दोष. ब्राउझरने तर मदतच केली होती. या सगळ्या निर्दोष मंडळींमध्ये विजयाबाई तेवढ्या गेल्या.

काही वर्षांनी राज्याने काटेकोर खूणभाषा सक्तीची केली, तेव्हा त्या समितीतला सर्वांत तरुण सदस्य निनाद होता. समितीपुढे तो आईबद्दल बोलला. बोलता बोलता रडला. त्या भाषणाचा व्हिडिओ मंडळाने जपून ठेवला.

काटेकोर भाषेचे नियम साधे होते. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झालाच पाहिजे. जो शेवटी उघडला तो आधी बंद झाला पाहिजे, हातातल्या बांगड्यांसारखा: शेवटी चढवलेली आधी उतरते, आतली आधी ओढून काढता येत नाही. आणि कुठेही एक जरी चूक सापडली, तर पान दाखवायचंच नाही. अंदाज बंद, असू दे बंद. हे तपासणाऱ्या प्रोग्रामला लांबलचक सरकारी नाव होतं. लोक त्याला पंतोजी म्हणायचे. चूक दिसली की पंतोजी अख्खा पडदा पिवळा करत आणि त्यावर दोनच शब्द उमटवत: पान अवैध.

खरं सांगायचं तर पंतोजींनी लोकांचं भलं केलं. दवाखान्यांतल्या चुका थांबल्या. अंदाज बांधायला लागणारी ताकद वाचली, तेव्हा भंगारातले फोनही भराभर चालू लागले. मंडळाचं मुख्यालय जळगावात आलं, कारण सर्व्हर थंड ठेवावे लागतात आणि हा निर्णयही एका समितीने घेतला होता. आणि दृष्टिहीनांना पानं वाचून दाखवणाऱ्या यंत्रांना पहिल्यांदाच कळू लागलं, की कुठे काय सुरू होतं आणि कुठे संपतं.

या शेवटच्या कामामुळे ऋजुता भेटली. ती दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवायची. मंडळात येऊन तिने विचारलं, "हे ज्यानं केलं तो कोण आहे?"

निनादला वाटलं तक्रार आहे. "मी. का?"

"माझ्या पोरांनी काल स्वतः विजेचं बिल ऐकलं. सगळं. शेवटच्या आकड्यापर्यंत."

"मग?"

"मग काय, रडली. बिल फार आलंय."

तो हसला. ती हसली. पुढचं मठ्ठ्यापर्यंत आपण पाहिलंच, म्हणजे पाहिलं नाही.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मंडळाने निनादला मोठं काम दिलं. प्रत्येक घराचं एक कुटुंबपान असेल. जन्म, शाळा, नोकरी, घर, औषधं, सगळं त्या एका पानावर. प्रश्न एवढाच, की कशाच्या पोटात काय ठेवायचं. निनादने ठरवलं, लग्नाचा टॅग सगळ्यांत बाहेर ठेवायचा. लग्नानंतर जे जे उघडेल ते लग्नाच्या आत. त्याला त्या दिवसांत सगळंच लग्नाच्या आत दिसत होतं. समितीतले बाकीचे पन्नाशीचे होते, पण संध्याकाळ झाली होती आणि खाली शेवभाजी थंड होत होती, म्हणून मंजूर झालं. नियम लिहिणारा इसम नवविवाहित होता, याची नोंद इतिवृत्तात नाही.

*

नऊ वर्षांनी एका रविवारी दुपारी, बाहेर डांबर पातळ होत असताना, ऋजुता म्हणाली, "मला साताऱ्याच्या शाळेनं बोलावलंय. मी शालूला घेऊन जाते. आणि निनाद, हे आपलं आता—"

ती थांबली. निनाद वाट बघत होता.

"वाक्य पूर्ण कर," तो म्हणाला.

"हेच. हेच ते!" ऋजुताने हातातली केळी ओट्यावर आपटली. "तुझ्यासमोर अर्धं बोलायची सोय नाही. एक शब्द चुकला की तू पिवळा पडतोस. दोन दोन दिवस घरात काही दिसत नाही. परवा माझ्या आईला फोनवर काय म्हणालास?"

"त्या म्हणाल्या, 'ते हे झालं का?' मी म्हटलं, 'ते म्हणजे काय आणि हे म्हणजे काय?'"

"चाळीस वर्षं माझे वडील त्यावर संसार करतायत, निनाद. ते हे झालं का, हो झालं. संपलं!"

निनादला सांगायचं होतं, की असंच चालवून घेत घेत माणसं मरतात. पण हे त्याने याआधी इतक्यांदा सांगितलं होतं, की आईचं मरणसुद्धा आता घरात नियमासारखं वाटू लागलं होतं. तो म्हणाला, "ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे?"

"ठीक आहे म्हणजे जा. तू बरोबर आहेस. मला अंदाज बांधता येत नाही."

हे बहुधा त्याचं नऊ वर्षांतलं सगळ्यांत प्रेमळ वाक्य होतं. ऋजुताला रडू आलं आणि तिने केळी उचलून शालूला शिकरण करायला घेतली.

शाल्मली सात वर्षांची होती. तिला दमा होता. तिचा पंप, तिची औषधं, तिचे डॉक्टर, सगळं पानावर. साताऱ्यात पान उघडलं नाही तर औषध मिळणार नाही, शाळा मिळणार नाही. म्हणून दोघंही एकमेकांना न सांगता एकच गोष्ट घोकत होते: काहीही होवो, शालूचं पान पिवळं पडता कामा नये.

*

खिडकीवर तडवी होता. निनादचा सहकारी, मंडळातला एकमेव माणूस जो पंतोजींना शिव्या घालायचा, अर्थात पंतोजींना ऐकू येत नाही याची खात्री करून.

"काय भो, जोडीनं?" तडवीने खुर्च्या पुढे केल्या. मग अर्ज बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "अरेरे. वहिनी, खरंच?"

"खरंच."

"बरं." त्याने पान उघडलं. "लग्नाचा टॅग बंद करायचा. आता लग्नानंतर जे जे उघडलं आणि अजून उघडंच आहे, ते आधी बंद करावं लागेल. शेवटचं आधी. बोला, शेवटी काय उघडलं?"

"जिम," निनाद म्हणाला.

"जातोस?"

"पहिल्या आठवड्यात गेलो होतो."

"मग जिमवाल्यांकडून बंद करून आण."

"जिमच बंद पडली. तिथे आता लग्नाचा हॉल आहे."

तडवीने कपाळाला हात लावला. "जिम बंद, पण जिमचा टॅग उघडा. म्हणजे तो बंद करणारं कुणी राहिलं नाही. असू— नाही, असू दे म्हणता येत नाही. बघू. त्याच्याआधी काय?"

"फ्लॅट."

"विक. त्याच्याआधी?"

"मंडळातली बढती."

"राजीनामा दे. त्याच्याआधी?"

तडवीने स्वतःच पडद्यावर वाचलं आणि खुर्चीत मागे सरकला.

"पोरगी," तो म्हणाला.

लग्नानंतर उघडलेली, लग्नाच्या पोटात असलेली, अजून उघडी असलेली शाल्मली. तिचा टॅग बंद झाल्याशिवाय लग्नाचा बंद होणार नव्हता. तडवीने पंतोजींना विचारलं. पंतोजींनी तीन पर्याय दिले. पहिला, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर तिला तिचं स्वतंत्र पान मिळेल. दुसरा तडवीने मोठ्याने वाचला नाही. तिसरा होता: स्वयंबंद.

"म्हणजे?" ऋजुताने विचारलं.

निनादला उत्तर माहीत होतं, कारण ती सोय त्यानेच ठेवली होती. "काही टॅग उघडतात तिथल्या तिथेच बंद होतात. ओळ मोडायची असली, मध्ये रेघ मारायची असली, की त्यांच्या पोटात काही ठेवायचं नसतं. ते नुसते असतात."

"शालू नुसती असेल?"

"नाव असेल. जन्मतारीख असेल."

"आणि दमा?"

"पोटात काही ठेवता येत नाही."

"म्हणजे दमा छातीत राहील आणि औषध कुठेच राहणार नाही." ऋजुता उठली. "तडवीभाऊ, पाणी आहे का?"

"आहे वहिनी, पण कूलर पंतोजींना जोडलाय. तुमचा अर्ज प्रलंबित दाखवतोय, म्हणून तो ग्लासभर देणार नाही. माझ्या बाटलीतलं घ्या."

*

निनाद पाटोळे सरांकडे गेला. पाटोळे सर मंडळाचे प्रमुख. निनादचं भाषण जपून ठेवणारे तेच.

"सर, मला एक अपवाद हवाय."

"तुला?" पाटोळे सरांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, काळजी होती. "बरं नाही का?"

निनादने सगळं सांगितलं. लग्नाचा टॅग बाहेर ठेवणं ही चूक होती, असंही सांगितलं. माणसाच्या गोष्टी बांगड्यांसारख्या एकावर एक नसतात, त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. एक संपते, दुसरी चालू राहते, आणि त्यात काही अवैध नसतं.

पाटोळे सरांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी भिंतीवरचा पडदा लावला. त्यावर तरुण निनाद रडत होता. "माझी आई कुणाच्या चुकीने गेली नाही," तो पडदा म्हणत होता. "ती समजूतदारपणाने गेली. आज एक अपवाद केलात, तर उद्या प्रत्येक पानात एक मामा बसेल."

"नव्या भरतीला पहिल्या दिवशी हेच दाखवतो आम्ही," पाटोळे सर म्हणाले. "काही पोरी रडतात. निनाद, या नियमानंतर चुकीच्या पानामुळे या राज्यात एकही माणूस गेलेला नाही. एकही नाही. मी कुठले आई-बाप निवडू, ज्यांच्यासाठी दार किलकिलं करायचं?"

सगळ्यांत वाईट हे, की सर बरोबर होते.

"तरी अर्ज कर," सर दयेने म्हणाले. "फक्त काटेकोर भाषेत कर."

निनादने अर्ज करायला घेतला. काटेकोर भाषेत अपवादासाठी टॅगच नव्हता. तो न ठेवण्याची सूचना कुणाची होती, हे इतिवृत्तात होतं.

*

मार्ग त्याला दोन दिवसांनी सापडला, आणि सापडल्याचं वाईट वाटलं.

खूणभाषेत एक अशी जागा असते जिथे यंत्र पाहतच नाही. तिला टिप्पणी म्हणतात. पान लिहिणारी माणसं एकमेकांसाठी निरोप ठेवतात, त्यासाठी ती असते. टिप्पणी सुरू झाल्याची खूण दिसली की पंतोजी डोळे मिटतात आणि संपल्याची खूण आल्यावर उघडतात. मध्ये काय होतं ते चूक की बरोबर, खरं की खोटं, त्यांना देणंघेणं नसतं. कुटुंबपानावर टिप्पणी लिहायला कुणाची परवानगी लागत नव्हती, कारण तिचा काही उपयोग नव्हता.

लग्नाचा टॅग बंद करता येत नव्हता. पण तो टिप्पणीत टाकता येत होता. उघडणारा आणि मिटणारा, दोन्ही. आणि त्या टॅगला चिकटलेला जो नवरा होता, तोही. मग उरली असती ऋजुता आणि तिच्या पोटात शाल्मली, दम्यासकट, पंपासकट, दुसरीच्या गुणपत्रिकेसकट. पान शंभर टक्के वैध.

"आणि तू?" ऋजुताने विचारलं.

"मी टिप्पणीत. माणसांना वाचता येईन."

"पगार?"

"नाही."

"फ्लॅट? दवाखाना?"

"जिमसुद्धा सुटेल," तो म्हणाला. नऊ वर्षांत त्याने केलेला हा पहिला विनोद होता आणि तो अत्यंत चुकीच्या वेळी आला.

"निनाद, शालूच्या पानावर बापच राहणार नाही."

"पान उघडेल पण."

ऋजुता म्हणाली, "असं नको रे." वाक्य अर्धवट होतं. या वेळी त्याने ते पूर्ण करायला सांगितलं नाही. त्याला कळलं होतं तिला काय म्हणायचंय. अंदाज बांधता येऊ लागला होता, नेमका आत्ता.

एक अडचण होती. टिप्पणीच्या आत टिप्पणी ठेवता येत नाही. आणि निनादच्या भागात पहिल्या वर्षीच्या कितीतरी टिप्पण्या होत्या, ऋजुताने लिहिलेल्या. 'डबा विसरू नकोस.' 'विसरलास ना.' 'पंतोजी बघत नाहीत म्हणून लिहिते, आज छान दिसत होतास.' त्या त्याला एकेक करून पुसाव्या लागल्या. त्याने त्या क्रमाने पुसल्या. शेवटी लिहिलेली आधी.

*

साताऱ्याची बस सकाळची होती. स्टँडच्या फाटकाने ऋजुताला आत घेतलं, शालूला आत घेतलं, आणि निनादसमोर ते हललंच नाही. त्याने लाल दिवासुद्धा लावला नाही. लाल दिवा नाकारलेल्यांसाठी असतो.

शालू जाळीपाशी परत आली. "बाबा, तू का येत नाहीस?"

"फाटकाला मी दिसत नाही."

"मला दिसतोस."

"हो. माणसांना दिसतो."

तिने विचार केला. "मग फाटकावर माणूस का नाही बसवत?"

"बसवायचे पूर्वी," निनाद म्हणाला. "तो कधी कधी चुकायचा."

मग त्यानेच विचारलं, "पंप घेतला का?" तिने खिशातून पंप काढून दाखवला. त्यावरचं छोटं पान हिरवं होतं. नाव, औषध, किती, कधी, सगळं जागच्या जागी. पालक या शब्दापुढे ऋजुताचं नाव होतं. निनादने ते दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

"ते हे झालं का?" ऋजुताने जाळीपलीकडून विचारलं. तिचे डोळे सुजले होते.

"हो," निनाद म्हणाला. "झालं."

बस गेली. निनादचा फोन वाजला. तो कधीपासून मुका झाला होता. मंडळाला, बँकेला, दुधवाल्याच्या मशीनला त्याचा नंबर आता माहीत नव्हता. निरोप जिमचा होता. बंद पडलेल्या जिमचा जुना प्रोग्राम कुठल्यातरी कोपऱ्यात अजून चालू होता, मामांच्या काळातला, वैध-अवैध न कळणारा. 'निनाद सर, खूप दिवसांत दिसला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते.'

तो फलाटाबाहेरच्या कठड्यावर बसला आणि निरोप परत परत वाचत राहिला.

नंतर तडवीच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसून त्याने शालूच्या पानाच्या तळाशी एक टिप्पणी लिहिली. तडवीने विचारलं, कुणी वाचणार आहे का. निनाद म्हणाला, अठराव्या वर्षी ती स्वतः वाचेल कदाचित. मग त्याला आठवलं, की अठराव्या वर्षी पंतोजी नवं पान तयार करतात तेव्हा जुन्या पानावरच्या टिप्पण्या उतरवून घेत नाहीत. जागा वाचते म्हणून. ही सूचनाही चांगली होती. त्याने ती दिली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

तरी त्याने लिहिलं, शुद्ध सरकारी भाषेत, प्रत्येक ओळ पूर्ण करून:

प्रति, माननीय पंतोजी, नागरी पान मंडळ, जळगाव.

विषय: कुमारी शाल्मली हिच्या पानात एक चूक ठेवू देण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते, की सदर अर्जदार कोणत्याही वैध टॅगच्या पोटात अस्तित्वात नसल्याने त्यास अर्ज करण्याचा अधिकार नाही, याची त्यास पूर्ण जाणीव आहे. तथापि कुमारी शाल्मली हिच्या पानावर वडिलांच्या जागी एक नाव, बंद न करता, नियमबाह्यरीत्या, उघडं राहू द्यावं. त्यामुळे पान पिवळं करू नये. तिचं औषध थांबवू नये. काय म्हणायचं आहे ते समजून घ्यावं, आणि या एका वेळेपुरतं असू द्यावं, ही नम्र विनंती.

आपला अवैध,
निनाद गुंजाळ